नावापुढची कोरी जागा

नागपूर, जून १९५६

जागेश्वरदादा,

कॉन्व्हेंटातून मी मॅट्रिक झाले, तेव्हा तू म्हणालास, "कॉलेज काहून पाहिजे वं? ट्रेनिंगचं सर्टिफिकेट घेतलं तरी मास्तरीणच होशील." मी ऐकलं.

तीस वर्षं शिकवलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी शाळेचा फलक रंगवताना पेंटरनं विचारलं, "बाई, तुमच्या नावापुढे काय लिहू?" वर मुख्याध्यापिकेच्या नावापुढे बी.ए., बी.टी. होतं. ती माझीच विद्यार्थिनी. माझ्या नावापुढे त्यानं काहीच लिहिलं नाही.

आता तेच सर्टिफिकेट तू तुझ्या लेकीच्या, पुष्पलतेच्या गळ्यात बांधतो आहेस. तिच्या कॉलेजच्या अर्जावर पालक म्हणून मी सही केली आहे. तिचं नाव दाखल होईपर्यंत हे पत्र माझ्या पेटीतच राहील.

तुझी मास्तरीण,
वच्छला