स्वातीपाशी चार सेकंद

घनसावंगी, १७ मे १९९९

प्रिय जुगलकिशोर,

संध्याकाळी गच्चीवर उभं राहून उपग्रह टिपणारे या तालुक्यात आपण दोघंच होतो, आणि आपलं दुःखही एकच: आपण सेकंदासेकंदाच्या नोंदी ठेवायच्या आणि गावानं "विमान सापडलं का हो?" म्हणून खिदळायचं. गाव अजून खिदळतंच, फक्त आता मी एकटाच तावडीत सापडतो. आठ वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस. तरी फाडण्याआधी एवढं वाच.

तुमच्या कापड दुकानाची ती गच्ची! रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके ऐकून तू घड्याळ लावायचास. मी मान वर करून उभा. उपग्रह ठरलेल्या ताऱ्याजवळून गेला की मी "आता!" म्हणायचं आणि तू घड्याळाचं बटण दाबून वेळ टिपायची. खालून प्रेमवहिनींची हाक यायची, "भाऊजी, आसमानातून उतरा, चहा ठंडा होऊन राह्यला!"

मग पुण्याच्या निरीक्षकांचं पत्र आलं. आपल्या सगळ्या नोंदी चार सेकंद उशिराच्या. चार सेकंदांत उपग्रह तीस किलोमीटर पुढं जातो, म्हणजे दोन वर्षांची वही वाया. आणि मी काय केलं? वाचनालयाच्या भरल्या सभेत म्हणालो, गजानं कापड मोजणाऱ्या हाताला आभाळ मोजता येत नाही! टाळ्या पडल्या. जन्मावरून, धंद्यावरून माणूस तोलू नका म्हणून जिल्हाभर घसा फोडणारा मी, आणि एका टाळीसाठी मित्राचा धंदा काढला. तू उठून चालता झालास. त्याच दिवाळीत दुकान जालन्याला हलवलंस.

परवा मी पुन्हा गच्चीवर गेलो. घड्याळ तुझ्या सगुणावहिनीच्या हाती दिलं. उपग्रह स्वातीच्या ताऱ्याजवळ आला आणि तिनं माझ्या "आता"ची वाट न पाहता स्वतःच बघून बटण दाबलं. मी भडकलो. ती म्हणाली, "अहो, 'आला, आला, तो बघा, स्वातीला भिडला' एवढं सगळं बोलून मंग तुम्ही 'आता' म्हणता. भाषण सरंपर्यंत तो बिचारा निघून गेल्ता!" तिची वेळ पुण्याहून आधीच कळवलेल्या वेळेशी बराबर जुळली. माझा "आता" चार सेकंद मागं. मी इतका हसलो की शेजारचे तातेराव काठी घेऊन बाहेर आले.

तुझा हात अचूक होता, जुगल. चुकली ती माझी जीभ, दोन्ही वेळा. पण हे तुला एकट्याला कळवून भागणार नाही. अपमान भरसभेत केला, तर माफीही भरसभेतच मागायला हवी. शनिवारी, बावीस तारखेला, संध्याकाळी सहाला त्याच वाचनालयात मी बोलणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा भाषण लिहून काढलंय: चार वाक्यं, त्याला पाचवं जोडणार नाही. दुपारी तीनच्या एस.टी.नं निघ आणि पहिल्या रांगेत येऊन बस.

बोलून पस्तावलेला, तरीही तुझाच,
पुंजाराम