समुद्राच्या एक्केचाळीस कॅसेटी

मी, नीलम्मा शिवलिंगप्पा हत्तरकी, वय ६६, अविवाहित, कॉलेजातून निवृत्त झालेली प्रयोगशाळा साहाय्यक, राहणार कोल्हापूर, बसवण्णांना स्मरून लिहून ठेवते की माझे डोके शाबूत आहे. कान १९९९ साली पार गेले. राग आहे, पण शुद्ध आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव जयसिंगपूरच्या बाजारात भाजी विकणारी चिमणाबाई खोत हिला द्यावी. पाण्यात माईक सोडून मी सात वर्षे, प्रत्येक सुट्टीत, देवगडच्या होड्यांतून डॉल्फिनचे, माशांचे आवाज भरले. त्या कॅसेटी तिने दर बाजारी लोकांना फुकट ऐकवाव्यात. मी तेच करत होते. अट एवढीच.

२. आमचे प्राध्यापकसाहेब म्हणाले होते, "बाजारबुणग्यांना संशोधन काय कळणार?" त्यांना कॅसेटीचे रिकामे कव्हरसुद्धा देऊ नये.

३. धाकटा भाऊ महांतेश यास दमडी नाही. कारण लिहिते. चौदा नंबरच्या कॅसेटीत डॉल्फिनची मादी पिल्लाला हाक मारत होती. कुणी पुसू नये म्हणून कॅसेटीच्या मागच्या कडेची प्लास्टिकची चिप मी मुद्दाम मोडली होती. या शहाण्याने त्या भोकात कागद कोंबून वर दूधसंस्थेच्या निवडणुकीचे भाषण भरले आणि कॅसेट गपगुमान जागेवर ठेवली. मी बहिरी, मला काय कळणार! २००० साली भर बाजारात कर्ण्यावर तीच लावून मी वीस मिनिटे सांगत उभी, "ऐका, आई लेकराला बोलावतेय." लोक पोट धरून हसत होते. मला वाटले, आवडले. शेवटी चिमणाबाई समोर आली. तिचे ओठ मला वाचता येतात.

"आक्का, मासं न्हाईत ह्यात! तुमचा भाऊ मतं मागाय लागलाय की!"

महांतेशने वर मलाच लिहून दाखवले, "तुला कुठं ऐकू येतंय? मग काय बिघडलं?" अरे मेल्या, मी माझ्यासाठी भरले होते काय? निवडून मात्र आला. त्याने माझ्या मातीला येऊ नये.

४. त्या दिवसापासून कॅसेटींची पेटी बंद आहे. उरलेल्या चाळीस कॅसेटींत समुद्र आहे की महांतेश, हे मला कळायचा मार्ग नाही. चिमणाबाईला सगळे आवाज पाठ आहेत. पण तिने त्या मी गेल्यावरच ऐकाव्यात. आधी नको. तिला माझ्यापासून काही लपवता येत नाही.

सही: नीलम्मा शि. हत्तरकी

बाईंनी आमच्यादेखत सही केली.
साक्षीदार: हंबीरराव दत्ताजी इंगवले (सही)
धोंडुबाई गणपती सुतार (डाव्या हाताचा अंगठा)

कोल्हापूर, ता. ९ मार्च २००३