आत्याच्या मानेवरचे ठिपके

४ फेब्रुवारी
नापास! लेखीत नाही, प्रात्यक्षिकात. फिजिओथेरपीच्या सरांनी मानेचा सातवा मणका बोटाने दाखवायला सांगितला. मी सगळ्यांत उंच टेंगूळ दाखवलं, तेही ठासून! तो निघाला छातीचा पहिला. "एका मणक्याची चूक म्हणजे उपचार भलत्याच जागी," सर म्हणाले. पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा. तीही गेली तर वर्ष गेलं.

५ फेब्रुवारी
सरावाला मान हवी. दादाला गुदगुल्या होतात. आईला वेळ नाही. शेवटी आत्याच म्हणाली, "माझी घे. मी कुठे पळून जाणार आहे?" आमवाताने तिची बोटं पार वाकडी झालीत, तेव्हापासून ती आमच्याकडेच असते. जीभ मात्र शाबूत!

९ फेब्रुवारी
जमतंय! कवटीखाली बोट सरकवलं की पहिलं टेंगूळ लागतं ते दुसऱ्या मणक्याचं — पहिल्याला टोकच नसतं. तिथून खाली मोजायचं. शेवटी घोळ झालाच तर मान मागे न्यायची. सहावा बोटाखालून आत जातो, सातवा जागचा हलत नाही. नाही हलला! स्केचपेनने ठिपके काढले. आत्या तशीच दारात जाऊन कुरिअरवाल्याशी वाद घालून आली.

१४ फेब्रुवारी
मान वाकवताना आत्या डोळे घट्ट मिटते. म्हणे, "तुझ्या मोजण्याने झोप येते गं."

१७ फेब्रुवारी
आता दुसरा मणका छळतोय. मान खाली घातली की तो भसकन बाहेर येतो, वर केली की टक्कन आत. माझ्याच बोटांत खोट असणार. आत्याला पुन्हा पुन्हा वाकायला लावलं, तरी तेच. चिडचिड झाली नुसती.

२० फेब्रुवारी
सरांना सांगितलं. वाटलं, हसतील. ते ताडकन उठलेच. "आमवात आहे त्यांना? आजपासून ती मान वाकवायची नाही. मानेला पट्टा बांध आणि त्यांना इथे घेऊन ये."

२१ फेब्रुवारी
एक्स-रे आला. आमवाताने सांध्याचे बंध सैल झालेत. मान वाकली की पहिला मणका दुसऱ्यावरून पुढे घसरतो आणि मागे मज्जारज्जू चेपतो. हातपाय कायमचे जाऊ शकले असते, जीवही. "तुझ्या बोटांनी बरोबर पकडलं," सर म्हणाले. मला काही ते कौतुक गोड लागलं नाही. ती मान रोज वाकवत कोण होतं?

२ मार्च
ऑपरेशन झालं. दोन्ही मणके स्क्रूने जोडले. आत्या हातपाय हलवतेय. आई आणि मी जिन्यात बसून रडलो.

५ मार्च
पास!

६ मार्च
डॉक्टरांनी आत्याला विचारलं, "आधी कधी झटके यायचे का?" ती म्हणाली, "यायचे की. मान वाकवली की वीज पार पायापर्यंत." मी हबकलेच. "अगं, मग बोलली का नाहीस?"
"बोलले असते तर तू थांबली असतीस. मग दुसरी मान कुठून आणणार होतीस?"