सुई घरी ठेवून जा

प्रिय आई,

तुला चार गोष्टी सुनावायची वेळ माझ्यावर आली, याचं मलाच हसू येतंय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. जेवलीस का, पाय सुजलेत का, जावई वेळेवर घरी येतो का, एवढं विचारून होईपर्यंत तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं आणि तू फोन ठेवतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप. मशीन बंद कर, चष्मा लाव आणि बसून वाच.

तुझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवसाचं बाबांनी सांगितलं. इतिहासाच्या सरांच्या कोटाचं अस्तर खाली लोंबत होतं आणि तुझे हात शिवशिवले. तास संपल्यावर त्यांना व्हरांड्यात उभं करून तू टाके घातलेस. मग काय, एकीच्या बॅगेचा पट्टा, दुसऱ्याच्या जॅकेटची चेन, कोणाची उसवलेली बाही. पुढचे तास तू व्हरांड्यातच काढलेस आणि संध्याकाळी गाठोडं घेऊन घरी आलीस. बाबा म्हणाले, तुझी आई शिकायला गेली आणि दुकानाची शाखा उघडून आली. मी हसून हसून बेजार झाले. पण पुढचं ऐकलं आणि हसू ओसरलं. या वयात वर्गात बसणं आपल्याला जमायचं नाही, सोमवारी जाऊन नाव काढून घेते, असं तू म्हणतेयस म्हणे. म्हणून हे पत्र कुरियरने पाठवतेय. सोमवारच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं.

तेव्हा आता माझं ऐक. कॉलेज मी तुझ्याआधी पुरं केलंय, या बाबतीत मी तुझी थोरली. सुई घरी ठेवून जा. नुसतं बसून राहायचं म्हटलं की तुला चोरी केल्यासारखं वाटतं, हे मी लहानपणापासून बघतेय. सिनेमा बघतानासुद्धा तू माझ्या फ्रॉकला काज करायचीस. पण वर्गात बसून ऐकणं हेच काम असतं. सरांचं अस्तर लोंबू दे, त्यांची बायको बघेल नाहीतर ते स्वतः बघतील. आणि ते तुझ्याहून लहान असले तरी त्यांना बाळा म्हणू नकोस. म्हणालीच असशील एव्हाना.

दाराजवळच्या बाकावर बसू नकोस. दुकानात दाराकडे तोंड करून बसायची तुला सवय आहे, पण इथे येणाऱ्याजाणाऱ्याकडे लक्ष द्यायला तुला कोणी ठेवलेलं नाही. पुढे बस. कळलं नाही तर हात वर कर. बाहीची लांबी तू गिऱ्हाईकाला पुन्हा पुन्हा विचारतेस, तेव्हा कोणी तुला अडाणी म्हणत नाही. मी पहिल्या वर्षी सगळ्यांबरोबर मान डोलवत बसायचे. परीक्षा जवळ आल्यावर कळलं की कोणालाच काही कळलेलं नव्हतं, सगळे एकमेकांकडे बघून डोलत होते. निबंध लिहिताना मात्र तुझाच धडा गिरव. आधी खडूने खुणा, मग कात्री. आणि ती बॅगेच्या पट्ट्यावाली तुझ्यासाठी रोज जागा धरते असं बाबा म्हणाले. तिच्याशी मैत्री कर, तिची आई होऊ नकोस. तिला घरी एक असणारच.

माझं इथे बरं चाललंय. ऑफिसचे जिने चढताना दम लागतो, म्हणून साहेबांनी माझं टेबल तळमजल्यावर हलवलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळाची वाढ अगदी हवी तशी आहे. तुझा जावई स्वयंपाक शिकतोय. परवा त्याने सूप केलं, ते सुरीने कापून खाल्लं. समोरच्या घरात निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांनी आपणहून येऊन सांगितलंय की कधीही दार वाजव. बाई जरा खडूस आहेत, पण हात फार मऊ आहे.

आता मी हे सगळं का लिहितेय ते सांगते. वयाचं कारण मला पटेना, म्हणून काल मी बाबांना पुन्हा फोन केला आणि खोदून खोदून विचारलं. तुझी परीक्षा आणि माझं बाळंतपण एकाच महिन्यात येतंय, आणि माझ्याकडे यायचं म्हणून तू कॉलेज सोडतेयस. मी म्हटलं, तिला तसाही अभ्यासाचा कंटाळाच, तीच सांगायची ना की पुस्तकात आपलं डोकं चालायचं नाही. बाबा म्हणाले, वर्गात तिच्याइतकं कोणाचंच चालत नव्हतं. कॉलेजचं पहिलं वर्ष सुरू होतं, तुझी चाहूल लागली आणि तिने नाव काढून घेतलं, तुझ्या जिवाला लागू नये म्हणून ती तसं सांगते. आई, मला हे ठाऊकच नव्हतं. मला भीती वाटते, आणि भीती वाटली की तूच हवी असतेस, हे तुझ्यापासून कशाला लपवू? तरी सांगते, सोमवारी वर्गात जाऊन बस. सगळे पेपर दे आणि शेवटचा झाला की मिळेल त्या गाडीने ये. तोवर तुझ्या नातवंडाला नर्सबाई आंघोळ घालतील. माझ्यासाठी तू एकदा कॉलेज सोडलंस, तेव्हा मला विचारायची सोय नव्हती. आता आहे, आणि मी नाही म्हणतेय.

तुझीच,
ठकी