चौतिसावं पान

अल्माटी, ४ मार्च

ती. सापरगालीमामांस,
मेरूचा शि. सा. न. वि. वि.

मामा, आधी पत्र वाचा, मग खोकं उघडा. उघडलंच असेल म्हणा! झारकेंतच्या स्टँडवर तुर्सिनच्या गाडीतून आपल्या नावाचं काही उतरलं की तुम्हाला दम निघत नाही, हे मामींनी मला कधीच सांगून ठेवलंय.

खोक्यात माझा जुना टॅब आहे. त्यात एकच खेळ ठेवलाय, आणि तो तुम्हाला दाखवल्याशिवाय मला घास गोड लागेना. पोलंडमधल्या दोन बहिणींनी केलाय. आपण शिंपी, आणि अख्खा प्रांत म्हणजे आपल्यापुढचं कापड. कापडाला घडी घातली की लांबची दोन गावं शेजारी येतात आणि माणसं एकमेकांकडे चहाला जायला लागतात. पण घडीच्या आत जे गाव अडकलं तिथे भर दुपारी अंधार! कोंबड्यासुद्धा झोपतात. कसली डोकी असतात हो एकेकाची! पहिली घडी घातली तेव्हा मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली.

आता माझं रडगाणं. आमचा स्वतःचा खेळ २७ एप्रिलच्या प्रदर्शनात मांडायचाय. माझा भागीदार दौरेन, ज्याला तुम्ही पहिल्याच भेटीत 'काडी' म्हणालात, त्यानं त्याचं काम पुरं केलंय. पडद्यावर चित्रकथेचं पान दिसतं आणि त्यातल्या चौकटी बोटानं हलवायच्या. घोडीची चौकट नदीशेजारी सरकवली की घोडी पोहायला लागते. तीच लग्नाच्या चौकटीशेजारी ठेवली की घोडी जाऊन नवरीच्या ताटात तोंड घालते! सगळं चालतं, फक्त चित्रं नाहीत. आमचा चित्रकार दुबईला नोकरीला गेला आणि जाताना आपली चित्रं घेऊन गेला. दोन वर्षं राबल्यावर निवडलेल्या खेळांत आमचं नाव आलंय, मामा. रिकाम्या चौकटी घेऊन गेलो तर ते नाव काढतील.

ही कल्पना मुळात तुमच्याच घरची. तुमच्या मासिकासाठी काढलेली ती टपालवाल्याची चित्रकथा आठवते? पाकिटावरचं नाव बर्फानं पुसलं गेलंय आणि तो दारोदार विचारत फिरतोय. मी सहा वर्षांची असताना ती सुटी पानं जमिनीवर उलटीसुलटी मांडली, तरी गोष्ट पुढे गेलीच. तुम्ही रागवायचं सोडून हसत सुटला होतात. मामा, ती तेहतीस पानं मला द्या ना. तुमचा टपालवाला आणि त्याची पांढरी घोडी आमच्या चौकटींतून फिरू दे.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो या वेळी पानांसकट यावा.

तुमची,
मेरू


झारकेंत, ११ मार्च

चि. मेरू हिस,
सापरगालीमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

खोकं आधी उघडलं. बोल आता.

तुझ्या त्या शिंप्यानं आमच्या घरात भांडण लावलंय. मी दुकानात किल्ल्या घासत असतो तेव्हा तुझी मामी टॅब घेऊन बसते. माझी नऊ गावं उजेडात आली, तिची एकवीस! हे कसं जमवलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली की चाळीस वर्षं या घरातल्या चादरींच्या घड्या कोण घालतंय. पण काय खेळ आहे पोरी! अंधारात अडकलेल्या गावात एक म्हातारा दिवा घेऊन रस्त्यावर उभा राहतो, तो पाहिलास ना? त्याला बघून मी घडीच उलगडली आणि हरलो. त्या बहिणींना माझा नमस्कार कळव.

परतफेड म्हणून एक कात्रण पाठवतोय. मी शिकाऊ होतो तेव्हा ताश्कंदला करीमजान नावाचे गृहस्थ मुलांच्या पुस्तकांना चित्रं काढायचे. हे त्यांचं वाऱ्याचं चित्र. झाड नाही, ढग नाही, धूळ नाही. दोरीवर सात सदरे आहेत, आणि सातवा नुसता एका बाहीवर लटकलाय. बस्स. मी हे चित्र एकतीस वेळा नकलून काढलं, पण तो सातवा सदरा काही मला साधला नाही. यावर चहाचा पेला ठेवलास तर याद राख.

राहिली ती पानं. ती मी दहा वर्षांपूर्वी शेगडीत घातली. मासिक बंद पडलं, शेवटचं पान काढायचं राहून गेलं. अर्धवट वस्तू घरात ठेवून काय करायचंय? मी आता किल्ल्या करतो. त्या काडीला म्हणावं, दुसरा चित्रकार शोध.

मामी सुकवलेली जर्दाळू पाठवतेय. सगळी एकटीनं खाऊ नकोस. बाकी क्षेम, माया आहे तशीच.

तुझा,
सापरगालीमामा


अल्माटी, १९ मार्च

ती. मामांस,
मेरूचा शि. सा. न. वि. वि.

शेगडीचं वाक्य वाचलं आणि मी रडले. खोटं कशाला सांगू? प्रदर्शनाचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त त्या घोडीचं. मला ती जिवंत वाटायची हो.

पण तुमचा सातवा सदरा! दौरेन पडद्यावरून मान वर करत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्यानं ते कात्रण खिडकीशी नेलं आणि पाव तास तसाच उभा राहिला. मग म्हणाला की आत्ता सुटणार बघ हा. आम्ही दोघं वेड्यासारखे तो सुटायची वाट बघत बसलो!

सोबत बिश्केकच्या आइझिरेकची चित्रकथा पाठवतेय. माझ्याच वयाची आहे, आणि मला तिचा भयंकर हेवा वाटतो. दीडशे पानं, आणि सगळी एकाच स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलेली. समोरच्या इमारतीतली बाई वर्षभर पडदे बदलत राहते. शेवट सांगत नाही. मामींना आधी वाचू देऊ नका, त्या फोडतील.

आता हक्काचं बोलते. आपल्यात भाच्यानं मामाच्या घरातून तीनदा हवं ते मागावं आणि मामानं नाही म्हणू नये. मुलींना हा हक्क नसतो म्हणून सगळे हसत होते, तेव्हा तुम्ही भर जेवणावळीत उठून तो मला दिलात. सातव्या वर्षी मी रंगीत पेन्सिलींचा डबा घेतला. पंधराव्या वर्षी तुम्ही खोर्गोसच्या बाजारातून स्वतःसाठी आणलेला, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घेतला, आणि तुमचं तोंड पडलं होतं. तिसरा हक्क शिल्लक आहे. मामा, मला तुमचं चित्रांचं टेबल हवं. पानं जळली असतील, पण ती ज्याच्यावर काढलीत त्याच्यावर बसून मी काम करीन. चित्रकार मिळो न मिळो.

नौरिझच्या, नव्या वर्षाच्या आगाऊ शुभेच्छा. रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची,
मेरू


झारकेंत, १ एप्रिल

चि. मेरू हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

टेबल पाठवतोय. तुर्सिननं टपावर बांधलंय आणि वाटभर मला शिव्या घालणार आहे. तुझे तीन संपले. आता माझ्या घरातून चहाचा चमचासुद्धा मागायचा नाही.

त्या आइझिरेकनं कमाल केली. ती पडदेवाली बाई सबंध वर्ष आपल्यालाच बघत होती, हे कळल्यावर मी उठून आमच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. मामी म्हणते तिला पन्नासाव्या पानावरच कळलं होतं. तिला सगळंच आधी कळतं. तुझ्या चौकटींच्या खेळाचंही मी दुकानात बसून बरंच चिंतन केलं. रिकाम्या चौकटीशेजारी घोडी ठेवली तर ती काय करते? दौरेनला विचार. मला वाटतं ती थांबून मागे बघेल.

टेबल पोचलं की ओल्या फडक्यानं पूस. खण अडकतो, जरा उचलून ओढ. खणसुद्धा आतून पूस. खण विसरू नकोस. म्हातारपणी एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय लागते, दुसरं काही नाही.

मामीचे आशीर्वाद. माया कमी झालेली नाही, टेबल मात्र घरातून गेलंय.

सापरगालीमामा


अल्माटी, ६ एप्रिल

ती. मामांस,
मेरूचा शि. सा. न. वि. वि.

टेबल आलं. खिडकीशी लावलं. वरचे शाईचे डाग ओळखीचे निघाले, त्यातला एक माझाच आहे. मग तुम्ही सांगितलंत तसा खण उचलून ओढला.

मामा! मेणकापडात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं ते काय आहे, हे मी न उघडताच ओळखलं. कोपऱ्यावर घोडीचं शेपूट दिसत होतं. जाळलं म्हणालात ना? खोटं बोललात ना माझ्याशी? मी आनंदानं नाचले, मग तुमच्यावर चिडले, मग पुन्हा नाचले. खालच्या मजल्यावरच्यांनी काठीनं छत ठोकलं.

आणि मग मला घाम फुटला. मी टेबल मागितलं होतं. पानं नाही. ती द्यायची नव्हती म्हणून तर जाळली म्हणालात, आणि गडबडीत खणात राहून गेली. आपल्यात घोडा दुसऱ्याला दिला तरी लगाम मालकाच्या घरी परत जातो, हे मला तुम्हीच शिकवलंत. हक्क म्हणजे लूट नव्हे, हेही तुम्हीच. एकवीस दिवस राहिलेत. दौरेन निदान एकदा बघूया म्हणून हात जोडत होता, पण एकदा बघितलं असतं तर परत पाठवायचा धीर मला झाला नसता. गाठोडं न उघडताच तुर्सिनबरोबर परत पाठवतेय. सुतळीची गाठ तुमचीच आहे, तपासून घ्या.

आम्ही चित्रांच्या जागी गोल आणि चौकोन घेऊन जाऊ. नाव काढलं तर काढलं. तुमची घोडी जिवंत आहे, आज मी खूष आहे.

लोभ ठेवा, खोटं तेवढं बोलू नका.

मेरू


झारकेंत, ९ एप्रिल

चि. मेरू हिस,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी शिव्या. मूर्ख! गाढव! खण पूस, खण विसरू नकोस, असं दोनदा लिहिणारा माणूस खणात काही विसरतो का ग? तुला ते मिळावं म्हणूनच मी ठेवलं होतं! तुर्सिननं तेच गाठोडं पुन्हा माझ्या हातात ठेवलं तेव्हा मामी हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसून तिनं मला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही.

चूक माझीच. एकदा जाळलं म्हणून बसलो, आता कोणत्या तोंडानं हातात देऊ? आणि खरं सांगायचं तर मला भीती होती. तेहतीस पानं दिली की तू चौतिसावं मागणार, आणि ते मला येत नव्हतं. मासिक बंद पडलं हे निमित्त. ते पत्र शेवटी कुणाच्या दारात जायचं, हेच मला तीस वर्षं कळलं नव्हतं.

परवा न उघडलेलं गाठोडं माझ्याच दारात परत आलं, आणि कळलं. ती सुतळी बघत मी दुकानात तसाच बसलो, गिऱ्हाईक किल्ली न घेताच गेलं. पहिल्या पानावर खिडकीतून पत्र देणारा म्हातारा आहे ना, टपालवाला हिंडून हिंडून शेवटी त्याच्याच दारात परत येतो. म्हातारा पत्र हातात घेतो, उलटसुलट बघतो, टोपी घालतो आणि घोडीवर त्याच्या मागे चढून बसतो. आता तो स्वतःच पोचवणार. काल स्वयंपाकघराच्या ओट्यावर काढलं, कारण टेबल कुणी नेलंय ते तुला माहीत आहे. म्हाताऱ्याच्या सदऱ्यात वारा भरलाय. मला वाटतं, या वेळी साधलाय. मामीही तेच म्हणाली, आणि ती माझी उगीच स्तुती करत नाही.

हे तुझ्या तीन हक्कांत धरायचं नाही. हे मी देतोय. नदी, लग्न आणि लागतील तेवढ्या चौकटी तिथे येऊन काढीन, अठरा दिवस पुष्कळ झाले. काडीला म्हणावं, दोन वेळा नीट जेव, कामाला लागायचंय.

चौतीस पानं तुर्सिनकडे देणार नाही. तुझा भरवसा नाही, परत पाठवशील. गुरुवारच्या गाडीनं मीच घेऊन येतोय, शाई आणि मामीसकट. अनेक आशीर्वाद. टेबलापाशी एक खुर्ची मोकळी ठेव.

तुझा,
सापरगालीमामा