उलटे आटे

१२ मार्च

प्रिय भोंग्या,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, माझे गुडघे सोडले तर. एकोणीस वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात मोजून चार ओळी. "पोरीने निवृत्तीची भेट म्हणून अरुंद रुळावरच्या डिझेल इंजिनाच्या छोट्या मॉडेलचं किट आणलंय, आपल्या विटांच्या कारखान्यात होती तसलंच, सुरुवात कुठून करू, फिटर तू आहेस." तुझ्या वहिनीने ते मला तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं, जणू मला अक्षरओळखच नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन नाक पुसत बसली.

मला तरी कुठे येतंय हे बाहुलीच्या मापाचं काम? म्हणून मीही तेच किट मागवलं. आता आपण दोघं एकाच वर्गात, मी फक्त एक धडा पुढे.

तर ऐक. डबा उघडलास की लगेच गोंदाची नळी हातात घेऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. आधी टेबलावर पांढरा कपडा पसर आणि यादीशी एकेक भाग ताडून बघ. मग सगळे भाग कोमट साबणाच्या पाण्यात धू, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. धुताना मोरीच्या जाळीवर फडकं टाक. माझ्या इंजिनाची एक पायरी तिथूनच वाहून गेली.

आधी नुसता सांगाडा चालवायचा. मोटर, दातेरी चाकं आणि चार चाकं, बस. वर काही न चढवता अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, अगदी सावकाश. तो अडखळत असेल तर वर कितीही सुंदर बॉनेट बसव, अडखळणारच. गोंद सुईच्या टोकाने लाव. मी नळीने लावला आणि मागचा आस कायमचा चिकटवून टाकला. चाळीस वर्षं इंजिनं खोलली आणि पहिल्याच दिवशी चाक जाम केलं. वहिनी हसून हसून खुर्चीवर बसली. दुसरा सांगाडा मागवावा लागला.

इंजीन हलकं आहे, त्यामुळे चाकांना वीज नीट मिळत नाही. बॉनेटच्या आत शिशाची पट्टी चिकटव. बाकी दांडे, पायऱ्या, ब्रेकचं चाक वगैरे बारीकसारीक मागाहून. त्याची घाई नाही.

खूप लिहिलं. हात दुखला. तू लिहीत जा रे.

तुझा
दादा


२७ मार्च

प्रिय भोंग्या,

पत्र आणि फोटो मिळाले. इंजीन छान झालंय. बॉनेटच्या कडा तू माझ्यापेक्षा चांगल्या घासल्यास, हे फिटरने ड्रायव्हरला लिहून देणं म्हणजे काय ते तुला कळेल. पिवळा रंग देण्याआधी करड्या रंगाचा एक पातळ हात दे आणि एक दिवस वाळू दे. हात लावून बघायचं नाही. रूळ अधूनमधून कोरड्या फडक्याने पूस.

एवढं लिहून मी पेन ठेवलं होतं. पत्र पाकिटात घातलं, परत काढलं.

तू शेवटी लिहिलंस ते लिहायला नको होतंस. ब्रेकचं चाक लावणार नाही, पुडीत तसंच ठेवणार, तुझा हात त्याला लागायला नको, असं. आणि त्याखाली: "त्या दिवशी मी ब्रेक आवळला होता असं मी सगळ्यांना सांगत होतो. आता वाटतं, नसेल आवळला. एवढी सगळी माणसं खोटं कशाला बोलतील?"

तीन नंबरचं इंजीन चढावरून मागे घसरलं, खाली वजनकाट्यावरच्या मामांचा पाय गेला, इंजीन मातीच्या खाणीत उलटलं, हे सगळं झालं ते झालं. चौकशीत ब्रेक मोकळा सापडला म्हणून तुला काढलं. त्यावर आता तू काय वाटून घेतोस? झालं गेलं. तू गाडी चालवत नाहीस, सायकलसुद्धा नाही, असं पोरीने वहिनीला फोनवर सांगितलं. हे बरं नाही. इतक्या वर्षांनी माणसाने स्वतःवर असा संशय घेऊ नये.

माझंही चाक अजून लागलेलं नाही. वाटाण्याएवढंही नाही ते. चिमट्यात धरलं की निसटतं आणि उडून जमिनीवर पडतं. मग मी गुडघ्यांवर, वहिनी बॅटरी घेऊन. काल ती म्हणाली, "सगळं इंजीन आठवड्यात उभं केलंत आणि एका चाकासाठी चार दिवस? तुम्हाला होतंय तरी काय?" मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल.

चष्मा ठीक आहे.

तुझा
दादा


९ एप्रिल

भोंग्या,

तुझं कार्ड काल आलं. रविवारी इंजीन घेऊन येतोस, चाक मी माझ्या हाताने बसवावं, फिटरने बसवलेल्या ब्रेकवर तुझा विश्वास आहे, असं त्यात आहे. हे पत्र कुरिअरने पाठवतोय, म्हणजे शुक्रवारी मिळेल. वाचून मग ठरव यायचं की नाही.

तीन नंबरच्या ब्रेकचा स्क्रू झिजला होता. स्टोअरमध्ये नवा नव्हता. भंगारातल्या जुन्या इंजिनाचा निघाला, पण त्याचे आटे उलटे होते. म्हणजे चाक उजवीकडे फिरवलं की ब्रेक आवळायच्या ऐवजी सुटणार. असा स्क्रू लावला की चाकावर लाल पट्टा मारायचा आणि ड्रायव्हरला तोंडी सांगायचं, हा आपल्या शेडचा नियम. तुला तो पाठ होता. मला तर होताच.

त्या सकाळी कँटीनमध्ये तू सगळ्यांसमोर म्हणालास, "दादाने आवळलेलं काहीही मी दोन बोटांनी सोडवतो." सगळे हसले. मीही हसलो. तुझं ते रोजचंच होतं, तोंड म्हणजे नुसता भोंगा. पण त्या दिवशी मला लागलं. नवा साहेबही तिथे बसला होता.

शेडमध्ये परतलो तेव्हा लाल रंगाचा डबा माझ्या हातात होता. झाकण उघडलेलं होतं. मी ते बंद केलं.

मनात एवढंच होतं की तू यार्डात चाक फिरवशील, ब्रेक लागणार नाही, चार शिव्या हासडशील आणि सगळे तुला हसतील. मग मी येऊन पट्टा मारीन. ब्रेक मी मधोमध सोडला होता, आवळलेला नाही आणि पूर्ण मोकळाही नाही, म्हणजे इंजीन सुरू करताना चाक फिरवावं लागू नये आणि तुला काही कळू नये. तू यार्डात थांबलाच नाहीस. सरळ खाणीत गेलास, डबे भरून घेतलेस आणि चढ चढलास. वर पोचल्यावर रोजच्यासारखं चाक उजवीकडे, पुढे फिरेना इतकं फिरवलंस. म्हणजे ब्रेक पूर्ण मोकळा केलास, आणि उतरलास.

मी शेडच्या दारातून बघत होतो. हसायला तयार होऊन उभा होतो, हेही लिहितो.

इंजीन उलटलं तेव्हा ब्रेकच्या सगळ्या सळ्या वाकल्या, स्क्रू मोडला. ब्रेक मोकळा होता एवढंच दिसत होतं; आटे उलटे होते हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. चौकशीवाल्याने मला विचारलं, दुरुस्तीनंतर ब्रेक ठीक होता का. मी "ठीक" म्हटलं आणि सही केली. तू समोर बसून सांगत होतास की हाताला घट्ट लागेपर्यंत आवळला. माझ्याकडे बघत होतास, मी तरी मान हलवीन म्हणून. मी टेबलाकडे बघत राहिलो. दोन लहान मुलं, घराचं भाडं, ही कारणं मी स्वतःला खूप वर्षं सांगितली. खरं कारण भीती. नंतर तू गाव सोडलंस तेव्हा मला दुःख झालं आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

काल कार्ड वाचलं आणि उठून मामांकडे गेलो. मुलीकडे राहतात हल्ली. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटी विचारलं, "भावाला सांगितलंस?"

म्हटलं, अजून नाही.

"मग माझ्याकडे आधी कशाला आलास? माझा एक पाय गेला. त्याचे दोन्ही हात गेले. जा घरी, लिही त्याला."

वहिनीला आज सकाळी सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. पण कुरिअरवाल्याला फोन तिनेच केला.

कारखाना बंद झाला, ते कागद कुठे असतील देव जाणे. हेच पत्र कागद समज. पोरीला वाचायला दे, घरात सगळ्यांना दे. तू आलास तर जे बोलशील ते ऐकून घेईन. नाही आलास तरी माझं काही म्हणणं नाही. माफी मागायला जीभ रेटत नाही, कारण तू मला ती देऊन टाकशील अशी भीती वाटते.

तू ब्रेक आवळला होतास. जसा शिकवला तसा, पूर्ण आवळला होतास.

तुझा मोठा भाऊ,
तीन नंबरचा फिटर