निमंत्रकाची ओळ

प्रिय टाचणी,

फोनवर मी तुझ्याशी दुकानदारासारखी बोलले, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. तू म्हणालीस, आई, मी लग्न करतेय, आणि मी विचारलं, किती नग? मग साइज विचारला, रंग विचारला, मजकूर कोण पाठवणार आणि कधीपर्यंत हवीत ते विचारलं, आणि बरं म्हणून ठेवून दिला. बाबा समोर पाकिटं चिकटवत बसले होते. कोणाचा फोन म्हणाले, तर मी सांगितलं, साठ कार्डांची ऑर्डर आहे. खरं काय ते त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. म्हणून आता पत्र लिहितेय. कागदावर मी जरा माणसात असते.

आधी कामाचं. कार्डं झाली आहेत. तू म्हणालीस तसाच सायीच्या रंगाचा कागद घेतला, कडेने एक निळी रेघ, बाकी काही नाही. फुलं नकोत म्हणालीस, नाही काढली. मजकूर साठही कार्डांवर मी हाताने लिहिलाय, टाकाने. तुझं नाव, त्याचं नाव, तारीख, वेळ, पत्ता, सगळं आहे. फक्त वरची पहिली ओळ कोरी आहे. तू पाठवलेल्या मजकुरात तिथे नुसती टिंबं होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतंस, इथे कोण बोलावतंय ते तुम्हीच बघा, आई. तुझे आईवडील तू लहान असताना गेले. ज्या मामाने वाढवलं, तो या लग्नाला येणार नाही म्हणून मोकळा झाला. मग निमंत्रक कोण, हा प्रश्न तू अलगद माझ्या टेबलावर आणून ठेवलास. आज अठरा दिवस झाले त्याला. मी ती जागा सोडून खालचं लिहीत गेले.

तुला वाटेल, एवढे दिवस कशाला लागले. साठ कार्डं म्हणजे माझं चार दिवसांचं काम. तर ऐक, आणि हसू नकोस. पहिली साठ वाया गेली. मी सगळ्या घड्या उलट्या अंगाने घातल्या. जो धडा मी तुला पहिल्या दिवशी शिकवला, कागद आधी हलक्या हाताने वाकवून बघायचा, ज्या बाजूने तो मुकाट्याने वाकतो त्याच बाजूने घडी घालायची, नाहीतर घडीवर तडे जातात, तोच मी विसरले. चाळीस वर्षांत ही चूक माझ्या हातून एकदाही झाली नव्हती. कार्डं गठ्ठ्याने दाबून ठेवली, तिसऱ्या दिवशी बाबांनी वरचं वजन काढलं आणि एकेक उघडून बघू लागले. साठच्या साठ घडीवर फुटली होती, आतला पांढरा लगदा दिसत होता. त्यांनी गठ्ठा उचलून कातरणाच्या पोत्यात टाकला आणि नवा कागद आणायला पिशवी घेऊन निघाले. मी मुद्दाम केलं का, असं तू विचारशील. मी स्वतःला विचारून बघितलं. तेव्हा मला राग आला नव्हता, रडू आलं नव्हतं, काहीच झालं नव्हतं. हात चालू होते, बस.

असंच असतं हल्ली. सकाळी दुकानाची फळी काढते, वाढदिवसाची कार्डं पुढे मांडते, कागदी झुंबरं टांगते. गिऱ्हाइकं म्हणतात किती गोड दिसतंय. दिसत असेल. परवा एक बाई जुळ्यांच्या बारशाची कार्डं न्यायला आल्या आणि दुकानातच रडायला लागल्या, आनंदाने गं, आणि मी त्यांना पाण्याचा पेला देऊन पुढचं कार्ड कापायला घेतलं. उघडलं की उभा राहणारा केक, उभं राहणारं घर, ते आता आपल्याकडे मिळत नाही. लोक अजून मागतात. मी सांगते, ते काम बंद आहे. ते माझ्या लेकाचं काम होतं, दुसऱ्या कोणाला जमायचं नाही, एवढं लांबण कोण लावणार.

तू या घरात आलीस तेव्हा तुला धड कात्री धरता येत नव्हती. आठवतंय ना, पहिल्याच आठवड्यात तू बाहीसकट टेबलाला चिकटलीस. ओढून काढायला गेलो तर तू म्हणालीस, राहू दे, इथेच बसते, जेवण इकडे आणून द्या. बाबा इतके हसले की त्यांचा चष्मा चिकटवायच्या खळीच्या भांड्यात पडला. टाचणी हे नाव त्यांनी त्याच दिवशी ठेवलं. अंगाने एवढीशी आणि बोलायला टोकदार. माझा लेक तुझ्याकडे बघायचा तेव्हा मला थोडं जळायला व्हायचं, तेही सांगून टाकते. तोवर त्याचं नवीन कार्ड पहिल्यांदा मी उघडायची. तू आल्यावर तो तुला उघडायला द्यायला लागला. तू उघडायचीस आणि किंचाळायचीस. मी कधी किंचाळले नव्हते. मी म्हणायची, डाव्या बाजूची पट्टी सैल आहे.

मग ते अकरा दिवस. त्यावर आपण दोघी कधी बोललो नाही. नव्या वर्षाच्या ताऱ्यांची ऑर्डर अंगावर होती, दोन हजार कागदी तारे, आणि तो दवाखान्यात. आपण पिशवीत कागद आणि कात्र्या घेऊन गेलो आणि त्या लांब बाकावर बसून तारे कापत राहिलो. नर्सबाई आधी रागावल्या, मग त्यांच्याच टेबलाला तारे लावून गेल्या. लोकांना वाटलं असेल, काय बाया आहेत. पण हाताला काम नसतं तर आपण काय केलं असतं, सांग. अकराव्या दिवशी दुपारी तू आत होतीस, मी बाहेर पन्नास-पन्नासच्या जुड्या बांधत होते. तू दारात आलीस. मला तुझ्या तोंडावरून कळलं. माझे चव्वेचाळीस मोजून झाले होते. मी पन्नास पूर्ण केले, दोरा बांधला, मग उठले. तू ते बघितलंस. तीन वर्षं मला हे कोणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगायला तू सोडून कोणी नाही, कारण तूच तिथे उभी होतीस. मी वाईट आई नाही. मला उठायचंच नव्हतं. उठले की ते खरं होणार होतं.

वर्षभराने तू जाते म्हणालीस तेव्हा मी अडवलं नाही. दुसऱ्या गावच्या शाळेत मुलांना हस्तकला शिकवायची नोकरी, राहायला खोली, सगळं ठीकच होतं. बाबा बसपर्यंत आले, मी आले नाही. मला काम आहे असं मी सांगितलं. काम नव्हतं. मी माझ्या खुर्चीवरून तुझ्या खुर्चीवर जाऊन बसले, तिथून खिडकी वेगळी दिसते, तेवढं केलं. तुझा रागही आला होता. त्याला सोडून चाललीस असं वाटलं. मी मात्र त्याच्यापाशी राहिलेय, असला काहीतरी वेडेपणा. हा राग बरेच महिने पुरला. पुढे तोही गेला आणि मग ही अशी सवय झाली.

तुझा चष्मेवाला मला माहीत आहे, बरं का. मागच्या वर्षी तू त्याला घेऊन आलीस, शाळेतल्या मुलांचे डोळे तपासायला येतात ते हे, अशी ओळख करून दिलीस. बाई, चार तासांचा प्रवास करून कोणी ओळखीच्या माणसाला सासरी आणतं का? बाबांना काही कळलं नाही, मला चहा ओततानाच कळलं. त्याने न विचारता बाबांचा चष्मा हातात घेतला, त्याची सैल काडी नीट बसवली आणि पुसून परत दिला. ते मला आवडलं, पण मी दाखवलं नाही. मग त्याने फडताळावरचं ते कार्ड बघितलं, दीपस्तंभाचं. हे कोणी केलं म्हणाला. तू नाव सांगितलंस. लोकांना असं सांगितलं की ते आवाज खाली करतात, माना हलवतात, मला त्याचा वीट आलाय. हा म्हणाला, मी उघडून बघू? आणि चारदा उघडून मिटून बघितलं, आतल्या पट्ट्या कशा बसवल्यात ते तुला विचारत होता. तू सांगत होतीस. मी आतल्या खोलीत निघून गेले, तुम्हाला वाटलं मला त्रास झाला. त्रास नाही झाला. कोणीतरी त्याच्याबद्दल साध्या आवाजात बोलत होतं, तेवढं ऐकून घ्यायचं होतं, तुमच्याकडे न बघता.

आता त्या ओळीचं. शेजारची शिंपीणबाई तुला माहीतच आहे, तिच्यापासून काही लपत नाही. कोरी ओळ बघून म्हणाली, एवढं काय त्यात, आमची मुलगी म्हणून लिहा आणि खाली तुम्हा दोघांची नावं. हल्ली सगळे असंच लिहितात, किती छान वाटतं वाचायला. बाबांनाही ते पटलं. त्यांनी एका कातरणावर पेन्सिलीने लिहून माझ्यासमोर ठेवलं, आमची मुलगी. त्यांचं अक्षर तुला ठाऊक आहे, डॉक्टरही हात जोडतील. मी टाक शाईत बुडवला. आठ दिवस रोज बुडवतेय. हात जात नाही. त्यांना वाटलं मी अजून रागावलेय. काल जेवताना त्यांनी पान बाजूला सारलं आणि म्हणाले, "तिला आपल्याशिवाय कोणी नाही गं. तू नाव घालणार नसशील तर तसं तिला सांग. टांगून ठेवू नकोस." आपले बाबा एवढं कधी बोलत नाहीत. मी म्हटलं, नाव घालणार आहे. मग अडलंय कुठे म्हणाले. तेव्हा त्यांना सांगितलं, आणि सांगताना मलाही पहिल्यांदाच नीट कळलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, हे तिलाच विचारायला हवं.

म्हणून हे पत्र. टाचणी, मला मुलगी नव्हती. मला मुलगा होता. तू या घरात आलीस ती त्याच्या हाताला धरून. आमची मुलगी असं लिहिलं तर वाचणाऱ्याला गोड वाटेल, पण मग मधला तो कुठे गेला? तू आपोआप आमची झालीस आणि तो झालाच नाही, असं होईल ते. त्याला असा खोडून मी तुला लग्नाला उभी करणार नाही. मला लिहायचंय, आमची सून. आमच्या सुनेचं लग्न आहे, आपण यावं, आणि खाली आम्हा दोघांची नावं. लोक दोनदा वाचतील, कुजबुजतील, कोणाला अपशकुनासारखंही वाटेल. म्हणून तू एकटीने ठरवू नकोस, चष्मेवाल्याला हे पत्र वाचायला दे, त्याच्याही लग्नाचं कार्ड आहे ते. तुमच्यापैकी एकालाही नको असेल तर तसं कळव. मी त्या जागी नुसती निळी रेघ ओढेन आणि आम्ही पाहुणे म्हणून येऊ, त्याचा राग धरणार नाही. मला आनंद झालाय असं मी लिहीत नाही, कारण अजून काही वाटतच नाही, खोटं कशाला लिहू. पण ही एक गोष्ट मला हवी आहे. गेल्या तीन वर्षांत मला काही हवं झालेलं नव्हतं. सोमवारपर्यंत सांग, शाई वाळायला दिवस लागतो.

तुझीच,
सासू